एमएलडी, जीन थेरपी आणि ३५ कोटी: कोल्हापूर भागातून कुणाला अनुभव आहे का?

गंगावेस
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथं वाचतेय, धागा मात्र पहिलाच. आरोग्य विभागात टाकलाय, जागा चुकली असेल तर संपादकांनी हलवावा.

माझ्या धाकट्या भावाची मुलगी सव्वादोन वर्षांची आहे. वेळेवर चालायला लागली, बडबडही भरपूर. दीड वर्षानंतर उंबऱ्याला अडखळून पडायला लागली. आई म्हणाली, बूट मोठे घेतलेत. मग टाचा टेकवेना, चवड्यावरच चालायची. एका डॉक्टरांनी कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाचे थेंब दिले, दुसऱ्यांनी पट्ट्यांचे बूट करून दिले, तिसरे म्हणाले काही मुलं उशिरा सुधारतात, वाट बघा. वाट बघण्यात उन्हाळा गेला, पावसाळाही गेला. तोवर ती भिंत धरून उभं राहायचीही थांबली आणि येत होते ते शब्द एकेक करून गेले. शेवटी एमआरआय झाला. मेंदूतला पांढरा भाग खराब दिसतोय म्हणाले. एन्झाइमचं रक्त शनिवारी काढून पाठवलं, रविवारी लॅब बंद, सोमवारी फोन आला की नमुना चालणार नाही. परत काढलं. आता निदान पक्कं आहे: मेटाक्रोमॅटिक ल्युकोडिस्ट्रॉफी, म्हणजे एमएलडी.

भाऊ शिरोलीत फाउंड्रीत आहे. वहिनी आमच्या सख्ख्या मामाची मुलगी. त्यांना अजून एक मुलगा आहे, सहा महिन्यांचा, गुटगुटीत, हसरा.

डॉक्टर म्हणाले जीन थेरपी आहे, पण परदेशात, साधारण ३५ कोटी, आणि 'हिच्यासाठी आता नाही'. त्या शेवटच्या वाक्यावर घरात कुणी थांबलंच नाही. भावाच्या मित्रांनी क्यूआर कोडसकट पोस्टर केलंय, मंडळं वर्गणी काढणार म्हणतायत. पैसे गोळा करायला सुरुवात करण्याआधी मला नीट समजून घ्यायचंय. हिच्यासाठी नाही म्हणजे का नाही? आणि बाळाचं काय?

शाहूपुरी_तिसरीगल्ली
ताई, वाचून पोटात कालवलं. पैशांचं म्हणाल तर कोल्हापूर मागं हटणार नाही. २०१९ आणि २०२१ च्या पुरात बघितलंय आपण. पोस्टर इथं टाका, मी आमच्या तालमीच्या ग्रुपवर फिरवतो.

रिकामा_खलाशी
जरा थांबा. मागं १६ कोटींच्या इंजेक्शनसाठी असंच सगळ्या महाराष्ट्रानं पैसे काढले होते. आता ३५? औषधाला ३५ कोटी खर्च येतो हे कुणी हिशेबानं दाखवेल का? पेशंटच्या गळ्यावर सुरी ठेवून लावलेली किंमत आहे ही. आणि या जीन थेरपीत माणसं दगावलीत, तेही कुणी सांगत नाही.

पेशीकेंद्र
गंगावेस ताई, मी मूळ उचगावचा, सध्या पुण्यात लॅबमध्ये. डॉक्टर नाही, जीवशास्त्रवाला आहे. 'का नाही' याचं उत्तर द्यायचा प्रयत्न करतो, जरा लांबेल.

प्रत्येक पेशीत लायसोसोम नावाच्या बारीक पिशव्या असतात. आपल्या गल्लीतल्या घंटागाडीचं काम त्या करतात: वापरून झालेला माल उचलायचा आणि तोडून टाकायचा. प्रत्येक मालाला वेगळं एन्झाइम लागतं. मज्जातंतूंवर जे मायलिनचं आवरण असतं, त्यात सल्फेटाइड नावाचे स्निग्ध पदार्थ असतात. ते तोडणारं एन्झाइम म्हणजे एरिलसल्फटेज-ए. त्याचं जनुक २२ व्या गुणसूत्रावर आहे. आईकडून आलेली प्रत आणि वडिलांकडून आलेली प्रत, दोन्ही बिघडलेल्या असल्या की सल्फेटाइड साचत जातं आणि मायलिन करणाऱ्या पेशीच मरतात. मेंदूतही आणि हातापायांच्या नसांतही. तुमच्या भाचीला झालाय त्या प्रकारात अडीच वर्षांच्या आत लक्षणं दिसतात. जगात साधारण ४० हजार ते १ लाख ६० हजार जन्मांमागे एक असा अंदाज देतात.

एन्झाइम शिरेतून का देत नाहीत, हा पहिला प्रश्न सगळ्यांना पडतो. काही आजारांत देतात. पण रक्तातून मेंदूत जाताना जो अडसर असतो, तो एवढा मोठा रेणू ओलांडत नाही. म्हणून इटलीत मिलानच्या सान राफाएले-टेलेथॉन संस्थेनं आडवाटेनं जायचं ठरवलं. मुलाच्याच मूळपेशी (ज्यांपासून रक्तातल्या पेशी तयार होतात त्या) काढायच्या, त्यांत चांगलं जनुक घालायचं, मधल्या काळात बुसल्फान नावाची कडक केमो देऊन अस्थिमज्जा रिकामी करायची आणि त्या दुरुस्त पेशी परत सोडायच्या. त्यांची पुढची पिढी रक्तातून मेंदूत जाऊन तिथं वस्ती करते आणि नेहमीपेक्षा जास्त एन्झाइम बाहेर सोडते. शेजारच्या पेशी ते उचलून वापरतात.

आता तुमचा प्रश्न. ही वस्ती व्हायला महिने लागतात. तेवढ्या महिन्यांत हा आजार, एकदा लक्षणं सुरू झाली की, फार वेगानं पुढं जातो. शिवाय मेलेल्या पेशी परत येत नाहीत. एन्झाइम पोचतं तेव्हा वाचवण्यासारखं फारसं उरलेलं नसतं, आणि केमोचा त्रास मात्र पूर्ण होतो. म्हणून या लहान वयाच्या प्रकारात लक्षणं नसलेल्या मुलांनाच ही जीन थेरपी देतात. थोड्या मोठ्या वयात सुरू होणाऱ्या प्रकारात अगदी सुरुवातीची लक्षणं असली तर विचार करतात.

या थेरपीला युरोपात डिसेंबर २०२० मध्ये लिब्मेल्डी नावानं मान्यता मिळाली, अमेरिकेत मार्च २०२४ मध्ये लेनमेल्डी नावानं. अमेरिकेत ३७ मुलांची माहिती तपासली होती. लक्षणांआधी उपचार मिळालेली लहान वयाच्या प्रकारातली सगळी मुलं सहाव्या वर्षी जिवंत होती, उपचार न झालेल्यांत ५८ टक्के. पाचव्या वर्षी ७१ टक्के मुलं आधाराशिवाय चालत होती. हे आकडे वाचताना 'लक्षणांआधी' हे शब्द सोडू नका. पोस्टरवर नेमके तेच नसतात.

इचलकरंजीचा_डॉक्टर
वरचं बरोबर आहे. मी बालरोगतज्ज्ञ, दोन गोष्टींची भर घालतो.

ताई, पोस्टर बाजूला ठेवा आणि आधी बाळाची तपासणी करा. आईवडील दोघांकडं एकेक बिघडलेली प्रत असली की दर गरोदरपणात शक्यता चारात एक असते. 'पहिलीला झालं म्हणजे पुढची तीन सुटली' असा हिशोब आमच्याकडं येणारे लोक सर्रास करतात, तो साफ खोटा आहे. पत्ते प्रत्येक वेळी नव्यानं पिसले जातात. बाळ हसरं आहे, मान धरतंय, यावरून काहीही ठरत नाही. या प्रकारात वर्षभर मूल अगदी ठणठणीत दिसतं.

दुसरं, इथं वाचणाऱ्या सगळ्याच आईवडिलांसाठी. उशिरा शिकणं वेगळं आणि शिकलेलं जाणं वेगळं. उशिरा चालणाऱ्या मुलाची थोडी वाट बघता येते. चालणारं मूल पडायला लागलं, बोलणाऱ्याचे शब्द कमी झाले, तर एक आठवडाही थांबायचं नाही. एमएलडीत अजून एक खूण: मूल ताठत चाललेलं असतं, पण गुडघ्याखाली हातोडी मारली तर झटका मंद येतो किंवा येतच नाही, कारण पायाच्या नसाही गेलेल्या असतात. कोणत्याही तालुक्याच्या दवाखान्यात हे बघता येतं. हातोडी लागते, एमआरआय नंतर.

आणि रक्त. हिरव्या टोपणाची हेपरिनची नळी, पांढऱ्या पेशी जिवंत असताना लॅबला पोचली पाहिजे. बर्फात गोठवायची नाही, उन्हात ठेवायची नाही. सोमवार ते बुधवार काढा, लॅबला फोन करून. आपल्याकडून पुण्या-मुंबईला रात्रीच्या गाडीनं सकाळी पोचतं. गणपतीत आणि दिवाळीत विचारून घ्या, लॅबलाही सुट्ट्या असतात.

तांबडापांढरा
ताई, वाईट वाटलं वाचून. पर मला एक सांगा कुणीतरी. आमच्यात मामाची पोरगी म्हंजे हक्काचीच. माझं सोत्ताचं लग्न तसंच झालंय, दोन पोरं हायत, एक कुस्ती खेळतोय. आजा-पणजाची बी तशीच झालेली. मग आत्ताच कुठनं आलं ह्ये सगळं?

रिकामा_खलाशी
आलं कुठनं म्हणजे? नात्यात लग्नं करायची आणि मग वर्गणी काढायची.

गंगावेस
खलाशी, माझी वहिनी हा धागा वाचते.

पेशीकेंद्र
तांबडापांढरा, नात्यातल्या लग्नानं दोष तयार होत नाही, तो आधीच असतो. तुम्ही, मी, खलाशी, सगळ्यांच्या अंगात असे काही लपलेले दोष आहेतच. एक प्रत चांगली असली की काही होत नाही, म्हणून कळतही नाही. सख्ख्या मामे-आते भावंडांची साधारण आठवा हिस्सा जनुकं एकाच आजोबा-आजीकडून आलेली असतात. त्यामुळं तोच दोष दोन्हीकडं असण्याची शक्यता वाढते. मामा-भाचीच्या लग्नात तर हिस्सा चौथा होतो. पण वाढते म्हणजे किती? कुठल्याही जोडप्याच्या बाळात जन्मजात मोठा दोष असण्याची शक्यता २ ते ३ टक्के धरतात, सख्ख्या मामे-आते भावंडांत साधारण दुप्पट. म्हणजे बहुतेक पोरं कुस्तीच खेळतात. ज्या घरात दोष दोन्हीकडं जुळला, त्या घराचं मात्र गणित बदलतं, तिथं थेट चारात एक.

आजा-पणज्याच्या काळात नव्हतं असंही नाही. त्या काळात दोन-तीन वर्षांची पोरं कशानं जात होती ते कुणी लिहून ठेवलंय? 'अंगात वारं शिरलं', 'नजर लागली', मिटलं.

कोल्हापूर-सांगली-बेळगाव पट्ट्यात ही सोयरीक आहे, राहणार आहे. दोष देऊन कुणाचं लग्न मोडत नाही. लग्न ठरताना घराण्यात लहान मुलं दगावलीत का एवढं विचारलं तरी पुष्कळ.

तांबडापांढरा
आमच्या मोठ्या चुलत्याची दोन गेलीत. कधी कुणी बोललं न्हाई त्यावर. इचारतो घरी.

सहकारनगर
माझ्या नणंदेच्या दिरानं एका वैद्यांकडून मेंदूच्या आजारावर रसायन घेतलं होतं, शंभर टक्के गुण. नंबर हवा असल्यास

संपादक मंडळ
वरच्या प्रतिसादातला नंबर काढला आहे. उपचारांची जाहिरात धोरणात बसत नाही.

दर_पंधरवड्याला
गंगावेस, मी साताऱ्याची. माझ्या मुलाला गोशे आहे. तोही लायसोसोमचाच आजार, पण त्याचं एन्झाइम बाहेरून देता येतं. दर पंधरा दिवसांनी सलाईन, म्हणून हे टोपणनाव. त्याची प्लीहा बेंबीखाली आली होती, आता क्रिकेट खेळतो. आमचा आजार मेंदूत जात नाही अशा प्रकारातला, हे नशीब.

तुम्हाला कामाची माहिती देते. केंद्र सरकारचं दुर्मिळ आजारांचं धोरण २०२१ चं आहे. त्यात उत्कृष्टता केंद्रं म्हणून ठरवून दिलेली रुग्णालयं आहेत, आपल्याला जवळचं मुंबईचं केईएम. मदतीची मर्यादा आधी २० लाख होती, २०२२ मध्ये ५० लाख केली. पैसे तुमच्या हातात येत नाहीत, त्या रुग्णालयाकडं जातात. धोरणात तीन गट आहेत: एकदाच उपचार करून बरे होणारे, कमी खर्चाचे पण कायम उपचार लागणारे, आणि आमच्यासारखे, औषध आहे पण खर्च परवडत नाही आणि संपत नाही असे. पन्नास लाख किती दिवस पुरणार ते मुलाच्या वजनावर ठरतं. मूल वाढतं, डोस वाढतो, मर्यादा तीच राहते. त्यावरून कोर्टात प्रकरणं चालू आहेत, तो वेगळाच धागा होईल.

तुम्ही आधी नोंदणी करा. उपचार नसला तरी करा. नोंद नाही म्हणजे सरकारच्या लेखी तो रुग्णच नाही. महालक्ष्मीनं रात्री निघालात की सकाळी मुंबईत. ओपीडीला मूळ एमआरआयची सीडी न्या, नुसता कागद चालत नाही.

शाहूपुरी_तिसरीगल्ली
पेशीकेंद्र, ते अमेरिकेतल्या बाळाचं वाचलं होतं, फक्त त्याच्या एकट्यासाठी औषध बनवलं. ते नाही का चालणार हिला?

पेशीकेंद्र
ते फिलाडेल्फियाचं. त्या बाळाला सीपीएस-१ या एन्झाइमची कमतरता होती, त्यात रक्तातला अमोनिया वाढत जातो. किरण मुसुनुरू आणि रेबेका अ‍ॅरन्स-निक्लस यांच्या गटानं त्याच्या जनुकातली नेमकी चूक दुरुस्त करणारं औषध सहाएक महिन्यांत तयार केलं. पहिला डोस फेब्रुवारी २०२५ मध्ये, बातमी मे महिन्यात आली. मला विचाराल तर गेल्या दहा वर्षांतली ही सगळ्यात मोठी गोष्ट. पण ते एन्झाइम यकृतातलं आहे. स्निग्ध कणांत भरलेलं औषध शिरेतून दिलं की ते आपोआप यकृतात जातं, आणि कमी पडलं तर पुन्हा देता येतं. मेंदूत असं आपोआप काही जात नाही.

मेंदूत थेट सोडायचा प्रकारही आहे. एएडीसी नावाच्या एन्झाइमच्या कमतरतेत कवटीला छिद्र पाडून नेमक्या केंद्रात विषाणूवाहक (चांगलं जनुक पोचवणारा, निरुपद्रवी केलेला विषाणू) सोडतात. युरोपात २०२२ मध्ये आणि अमेरिकेत नोव्हेंबर २०२४ मध्ये मान्यता मिळाली. तिथं एका छोट्या भागात काम भागतं. एमएलडीत सगळा पांढरा भाग आणि वर हातापायांच्या नसा.

खलाशी, तुमचंही राहिलं. माणसं दगावलीत, खरं आहे. १९९९ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या चाचणीत जेसी गेल्सिंगर हा १८ वर्षांचा मुलगा गेला. त्याला ओटीसी एन्झाइमची कमतरता होती, गोळ्या आणि पथ्यावर तो बरा चालला होता. सामान्य सर्दीच्या विषाणूचा वाहक दिला, शरीरानं भयानक प्रतिकार केला, चार दिवसांत संपलं. त्यानंतर हे सगळं क्षेत्र काही वर्षं जवळजवळ थांबलं होतं. पॅरिसच्या चाचणीत प्रतिकारशक्ती नसलेली मुलं बरी झाली आणि त्यांतल्या काहींना रक्ताचा कर्करोग झाला, कारण घातलेलं जनुक नको त्या जागी जाऊन बसलं. आजचे वाहक त्या अनुभवातूनच बदललेत. एमएलडीत लेंटिव्हायरस वापरतात, तो एचआयव्हीच्या कुळातला, पण आजार करणारे आणि वाढणारे भाग काढून टाकलेले असतात. धोका शून्य नाही, म्हणून मुलांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवतात. केमोमुळं पुढं मूल होण्याची क्षमता जाऊ शकते, तेही आईवडिलांना आधीच सांगतात.

रिकामा_खलाशी
वहिनींची माफी मागतो, तसं लिहायला नको होतं. पण किमतीवर मी ठाम आहे. ४२.५ लाख डॉलर. टेलेथॉन म्हणजे लोकांच्या देणग्या ना? देणग्यांवर संशोधन, मग कंपनीनं घ्यायचं, मग ते दुसऱ्या कंपनीनं घ्यायचं आणि किंमत आकाशाला.

पेशीकेंद्र
यात तुमच्याशी माझं फार भांडण नाही. एमएलडीचं हे औषध ऑर्चर्ड थेरप्युटिक्स या कंपनीकडं गेलं, जानेवारी २०२४ मध्ये जपानच्या क्योवा किरिननं ऑर्चर्ड विकत घेतली. पण दुसरी बाजूही बघा. रक्तातली चरबी तोडणाऱ्या एलपीएल या एन्झाइमच्या कमतरतेवरचं ग्लायबेरा, युरोपात २०१२ मध्ये मान्यता मिळालेली पहिली जीन थेरपी, किंमत सुमारे दहा लाख युरो. चाचण्यांबाहेर ते एकाच रुग्णाला दिलं गेलं आणि २०१७ मध्ये बाजारातून गेलं. मान्यता मिळालेलं औषधही गिऱ्हाईक नाही म्हणून बंद पडतं, असं हे क्षेत्र. प्रतिकारशक्तीला लागणाऱ्या एडीए या एन्झाइमच्या कमतरतेवरचं स्ट्रिमव्हेलिस कंपनीला नकोसं झालं तेव्हा २०२३ मध्ये टेलेथॉननं स्वतःच ते अंगावर घेतलं.

मला आशा वाटते ती वेल्लोरची. तिथल्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजनं हिमोफिलिया-ए (रक्त नीट न गोठण्याचा आजार) च्या पाच रुग्णांवर अगदी हीच पद्धत केली: स्वतःच्या मूळपेशी, लेंटिव्हायरस, परत सोडणं. डिसेंबर २०२४ मध्ये निकाल छापून आले, उपचारानंतर रक्तस्राव थांबले. आजार वेगळा, पण पेशी हाताळायची सगळी करामत तीच आणि ती आपल्या देशात झाली. एमएलडीसाठी कुणी हे भारतात उभं केलं तर ३५ कोटींचा आकडा राहणार नाही, एवढं नक्की म्हणतो.

शाहूपुरी_तिसरीगल्ली
इंग्लंडमध्ये सरकारच देतं म्हणे?

पेशीकेंद्र
हो, त्यांच्या सरकारी आरोग्यसेवेनं, म्हणजे एनएचएसनं, २०२२ मध्ये घासाघीस करून करार केला, छापील किंमत २८ लाख पौंडांच्या वर. २०२३ च्या सुरुवातीला मँचेस्टरमध्ये उपचार झालेल्या पहिल्या मुलीची बातमी आली. तिचा आजार कळला तोच मुळी मोठ्या बहिणीचं निदान झालं म्हणून. मोठीला तोवर उशीर झाला होता. सरकार पैसे देत असूनही. युरोपात काही ठिकाणी म्हणूनच आता नवजात बाळाच्या टाचेच्या रक्तात सल्फेटाइड मोजायला लागलेत.

गंगावेस
हे वाचून दाखवलं घरी. भाऊ उठून बाहेर गेला, पण रात्री त्यानंच मित्रांना फोन करून पोस्टर थांबवायला सांगितलं. बाळाचं रक्त मंगळवारी काढतोय, लॅबला फोन केलाय.

इचलकरंजीचा_डॉक्टर
छान. एक सूचना आताच देऊन ठेवतो, नंतर घबराट नको. बाळाचं एन्झाइम कमी आलं तरी लगेच आजार समजू नका. या एन्झाइमचा एक निरुपद्रवी प्रकार लोकांत बराच आढळतो. त्यात रिपोर्टमध्ये आकडा कमी दिसतो, पण तेवढ्या एन्झाइमवर माणूस आयुष्यभर ठणठणीत राहतो. छद्म-कमतरता म्हणतात त्याला. म्हणून लघवीतलं सल्फेटाइड आणि जनुकाची तपासणी जोडीनं करायची, आणि भाचीच्या जनुकात कोणता दोष सापडलाय तो कागद बाळाच्या नमुन्यासोबत लॅबला द्यायचा.

भाऊ-वहिनींचाही नमुना द्या. पुढं कधी दिवस राहिले तर तिसऱ्या महिन्यातच वारेच्या नमुन्यावरून तपासता येतं. गर्भलिंग कायद्यात आनुवंशिक आजारांसाठी ही तपासणी चालते, नोंदणीकृत केंद्रात. लिंग सांगत नाहीत आणि विचारायचंही नाही. आपल्या जिल्ह्यात सोनोग्राफी मशिनांना सायलेंट ऑब्झर्व्हर (प्रत्येक तपासणीची नोंद ठेवणारी यंत्रं) बसले होते ते आठवत असेलच, त्यामुळं इथले डॉक्टर जरा बिचकतात. समुपदेशकाचं पत्र सोबत असलं की अडत नाही.

गंगावेस
एन्झाइमचा रिपोर्ट आला. कमी आहे. डॉक्टरांनी वर लिहून ठेवलं होतं म्हणून मी उभी राहिले, बाकी घर आडवं झालंय. जनुकाचा रिपोर्ट यायला वेळ आहे.

दर_पंधरवड्याला
फोन करते रात्री.

गंगावेस
उशिरा लिहितेय. बाळाचं लघवीतलं सल्फेटाइड नॉर्मल. जनुकाच्या रिपोर्टवर समुपदेशक मॅडमनी पेननं चित्र काढून समजावलं. भावाकडून त्याला बिघडलेली प्रत आली, तीच जी मोठीला आली. वहिनीकडून मात्र त्याला ती छद्म-कमतरतेची प्रत आली. मोठीला वहिनीकडूनही बिघडलेली गेली. म्हणजे बाळ वाहक आहे, आजाराची एकच प्रत त्याच्याकडं आहे, एन्झाइम आयुष्यभर कमीच दिसणार, आजार नाही. मॅडम म्हणाल्या हा कागद लॅमिनेट करू नका, शाई उडते, फोटो काढून चारजणांकडं ठेवा, नाहीतर उद्या कुठलातरी डॉक्टर परत घाबरवेल.

माझी स्वतःची तपासणी करू का विचारलं. माझे मिस्टर नात्यातले नाहीत, आणि पोरं मोठी आहेत, घाई नाही म्हणाल्या. पण मामाकडच्या दोन मुलींची लग्नं ठरतायत, एक आमच्याच चुलत घराण्यात. मामांना सांगितलं. मामा गप्प बसले, मामींनी तारीख पुढं ढकलली.

केईएमला मोठीची नोंद झाली.

पेशीकेंद्र
बाळाचं वाचून बरं वाटलं. मामींना माझा नमस्कार.

तांबडापांढरा
ताई लई भारी. थोरलीचं कसं हाय?

गंगावेस
पाणी पिताना ठसका लागतो. रात्री पाय आवळून येतात, रडते. गोळी सुरू केलीय, बॅक्लोफेन. मांडीवरच असते, वहिनीची कंबर गेलीय. बसवायला काही मिळतं का?

इचलकरंजीचा_डॉक्टर
ठसक्याकडं दुर्लक्ष नको, न्यूमोनिया त्यातूनच होतो. पातळ पाणी बंद, पेज किंवा लापशीइतकं दाट करून, मान थोडी पुढं झुकवून चमच्यानं. वजन घटायला लागलं तर पोटातून नळीचा विषय लवकर काढा, अंगात ताकद असताना. पित्ताशयाची सोनोग्राफी करून घ्या, या आजारात तिथंही त्रास होतो आणि मूल सांगू शकत नाही म्हणून राहून जातं. बॅक्लोफेन एकदम बंद करायची नाही, संपायच्या आधी आणून ठेवा.

दर_पंधरवड्याला
बसवायला सीपी चेअर म्हणून मिळते, डोक्याला आधार, छातीला पट्टा, मांड्यांमध्ये ठोकळा. नवीन घेऊ नका, मुलं वाढतात आणि खुर्च्या कोपऱ्यात पडतात. कोल्हापुरात कुणाकडं असेल.

शाहूपुरी_तिसरीगल्ली
आमच्या शेजाऱ्यांकडं राजारामपुरीत आहे एक, त्यांचा मुलगा आता मोठा झाला. साधारण पाच वर्षांपर्यंतच्या मुलाची, चाकं आहेत, एक ब्रेक सैल आहे. द्यायला तयार आहेत, पैसे नकोत म्हणतात.

तांबडापांढरा
ब्रेक मी करून देतो, माझं वर्कशॉपच हाय.

गंगावेस
भावाची सुट्टी परवा आहे. दुपारी चारच्या सुमारास गाडीवरून नेली तर चालेल का?

शाहूपुरी_तिसरीगल्ली
दुचाकीवर जमणार नाही, घडी होत नाही तिची. माझा छोटा टेम्पो आहे, तांबडापांढराच्या वर्कशॉपवरून तुमच्याकडं पोचवतो. पत्ता निरोपातून पाठवा.